यंदाची चटणी आणि माझं नाक

आमच्या स्वयंपाकघरात दोन माणसं एका वेळी मावत नाहीत. म्हणजे मावतात, पण एकानं भिंतीला पाठ लावायची आणि दुसऱ्यानं पोट आत ओढून पुढं सरकायचं. माझं पोट आता आत ओढण्यासारखं राहिलेलं नाही, त्यामुळं बायकोनं मला फार पूर्वीच उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. मंगळवार पेठेतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर, एक ओटा, दोन शेगड्यांचा गॅस आणि एक खिडकी. खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी सोडून काही दिसत नाही. एवढ्यात तिचा सगळा कारभार चालतो.

ती ओट्यापुढं उभी राहिली की जागची हलत नाही. डाव्या हाताला पिठाचा डबा, उजव्या हाताला तिखटमिठाचा, डोक्यावरच्या फळीवर डाळी, पायाशी कांद्याची टोपली. एकीकडं आमटी रटरटतेय, दुसरीकडं तवा तापतोय, हातात भाकरी थापून होतेय आणि तोंडानं माझ्याशी भांडण चालू. मी जन्मभर शिरोलीला फौंड्रीत काम केलं. तिथं हातभर लांबीचा तुकडा ओतायचा तर भट्टी, क्रेन, दहाएक माणसं आणि एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करणारा आरडाओरडा लागायचा. निवृत्त झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून हिचं काम बघू लागलो आणि चाट पडलो. इथं चार पदार्थ एकाच वेळी तयार व्हायचे आणि कुणी कुणाला शिवी देत नव्हतं. मला देत असे, ती गोष्ट वेगळी.

सगळ्यात नवल वाटायचं ते मिठाचं. आमच्या घरात शिजवताना चाखत नाहीत. आधी देवाला नैवेद्य, मग माणसाच्या जिभेला. त्याआधी चमचा तोंडाला लागला तर सगळं भांडं उष्टं. माझ्या आईची ही शिस्त होती आणि लग्न होऊन आल्यापासून हिनं ती पाळली. मुगाची उसळ असो, घेवड्याची आमटी असो, नाहीतर घाईगडबडीचा झुणका असो, ती तळहातावर मीठ घ्यायची, हात जरा वरखाली करून वजन बघायची, टाकायची आणि झाकण ठेवायची. थोड्या वेळानं झाकण काढून भांड्यावर वाकायची, वाफ नाकात घ्यायची आणि म्हणायची, “मीठ बराबर हाय.” नाहीतर म्हणायची, “उलसं कमी हाय.”

“वासावर मीठ कळतंय व्हय?” मी एकदा विचारलं.

“तुमाला फौंड्रीत वासावर कळायचं न्हाय का, वाळू भाजली का न्हाय ते?”

कळायचं. साच्यात बसवायचे वाळूचे गाभे आम्ही भट्टीत भाजायचो. त्या वाळूत साखर कारखान्याची मळी घातलेली असायची आणि गाभा नीट भाजला की जळक्या गुळाचा वास सुटायचा.

यंदा संक्रांतीनंतर तिला ताप आला. आठवडाभर अंथरूण, मग आठवडाभर अशक्तपणा, मग ती पुन्हा ओट्यापुढं उभी. आमटी पहिल्यासारखीच, मीठही बरोबर. मला कशाची शंका यायचं कारणच नव्हतं. आता मागं वळून बघितल्यावर आठवतं की ती भांड्यावर वाकत होती, वाफ घेत होती, पण “बराबर हाय” म्हणत नव्हती. मीठ तिचा हात टाकत होता. इतक्या वर्षांच्या सवयीनं तो हात चुकत नव्हता.

तिचं जेवण मात्र तुटलं. दीड भाकरी रिचवणारी बाई अर्ध्या भाकरीवर आली. विचारलं की म्हणायची, “भूक न्हाय.” मनगटावर बसलेल्या बांगड्या भाकरी थापताना कोपराकडं घसरायला लागल्या. गारगोटीला दिलेली आमची लेक आली तेव्हा तिनं ते पहिल्यांदा बघितलं आणि मलाच फैलावर घेतलं. मी म्हटलं, ताप येऊन गेलाय, होईल हळूहळू.

शिमग्याच्या सुमाराला ऊन चढलं. एके दिवशी दुपारी आम्ही दोघं जेवायला बसलो होतो. कालची घेवड्याची आमटी उरली होती, तीच गरम करून वाढलेली. मी पहिला घास तोंडात घातला आणि तसाच ताटात टाकला. आमटी विटली होती. माझा राग नाकावर असतो, त्यात जेवणाच्या बाबतीत तर विचारूच नका. मी ओरडायला तोंड उघडलं आणि समोर बघितलं. ती शांतपणे जेवत होती. त्याच आमटीत भाकरी कुस्करून एकेक घास सावकाश चावत होती.

“अगं, विटलीया आमटी!”

“विटली?” तिनं वाटी नाकाशी नेली. परत नेली. मग खाली ठेवली. “आंबट लागत हुती. म्हटलं चिंच जास्त पडली आसंल.”

तेव्हा तिनं सांगितलं. ताप गेला तो वास घेऊनच गेला. जिभेला आंबट, खारट, गोड तेवढं कळत होतं, तिखट भाजत होतं. बाकी आमटी खाल्ली काय आणि कोमट पाण्यात भुस्सा कालवून खाल्ला काय, सारखंच. “मला वाटलं, येईल म्हागारी,” ती म्हणाली. “आन् तुमाला सांगून काय, तुमी नुसता दंगा करणार.”

मी दंगा केला नाही. मला भीती वाटली. ही बाई समोर बसून इतके दिवस चवीविना जेवत होती आणि माझ्या ताटात मात्र रोज चव वाढत होती, हे मला झेपेना. नाकाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी तपासून सांगितलं, तापानं असं होतं, बहुतेकांचा वास परत येतो, कधी येईल ते सांगता येत नाही, काहींचा येतही नाही. रोज ओळखीच्या जिनसांचा वास घेत राहा, म्हणाले. येताना तिनं रिक्षात एकच वाक्य काढलं, “काहींचा येत न्हाय म्हणलं न्हवं?”

त्या दिवसापासून मला बढती मिळाली. उंबऱ्याबाहेरचा माणूस आत घेतला गेला. “अवो, नाक घेऊन या,” अशी हाक आली की मी जायचो. दूध नासलंय का, लसूण करपतोय का, पिठाला वास लागलाय का. मी भिंतीला पाठ लावून, पोट आवळून हुंगायचो आणि निकाल द्यायचो. शेजारच्या वहिनींनी एकदा दारातून हे बघितलं आणि तोंडाला पदर लावून परत गेल्या.

मग चैत्र आला आणि चटणीचा विषय निघाला. आमच्याकडं चटणी म्हणजे ताटात डावीकडं वाढतात ती नव्हे. वर्षभर कालवणाला लागतो तो कांदालसणाचा लाल मसाला, त्याला आम्ही चटणी म्हणतो. उन्हाळ्यात एकदा करायची, बरणीत दाबून भरायची, वर हिंगाचे खडे ठेवायचे आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खायची. आमटी तिचीच, उसळ तिचीच, घरात काही नसलं तर भाकरीवर चटणी आणि वरून तेल. ज्या घरची चटणी बिघडली त्या घरचं वर्ष बिघडलं. आमची चटणी लेकीच्या घरी जायची, पुण्याला लेकाकडं जायची, आणि ती कुठल्या घरची आहे हे न सांगता ओळखणारी माणसं आमच्या भावकीत आहेत.

“यंदा इकतची आणा,” ती भाकरी थापता थापता म्हणाली.

खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. चटणीच्या दिवसांत घरभर शिंका, खोकला, डोळ्यांना धारा; मी दर वर्षी कुरकुर करायचो. पण देवपूजा सोडली म्हणावी तसं ती बोलली होती, अगदी सहज. मी पाकीट आणलं. तिनं ते फोडलं, सवयीनं नाकाशी नेलं, लगेच बाजूला ठेवलं आणि डब्यात ओतलं. त्या चटणीची आमटी मी मुकाट्यानं जेवलो. पाकीट वाईट नव्हतं, उगीच कुणाला नावं ठेवू नयेत. पण ती आमटी कुठल्याही घरची झाली असती.

“कशी हाय?”

“बरी हाय की.”

तिनं माझ्या ताटाकडं बघितलं. दुसरी भाकरी तशीच होती. “खोटं बोलायला बी येत न्हाय तुमाला,” ती म्हणाली आणि स्वतःची अर्धी भाकरीही अर्धवट टाकून उठली.

मी उठलो तो तडक बाजारात. दोन्ही जातींच्या मिरच्या घेतल्या, रंगाची ब्याडगी आणि तिखटाची संकेश्वरी. लालभडक, चकचकीत, दुकानातल्या सगळ्यांत देखण्या निवडून. पिशवी तिच्यापुढं आपटली आणि म्हटलं, “चटणी घरातच व्हणार. वास मी घेतो.”

तिनं पिशवीत हात घातला, मूठभर मिरच्या उचलल्या आणि कानाशी नेऊन हलवल्या. मग दुसरी मूठ. मग माझ्याकडं असं बघितलं की मी स्टुलावर बसलो.

“वाजंनात,” ती म्हणाली. “बी वाजाय पायजे आत. वल्ल्या हाईत ह्या. पाणी मारून चमकवल्यात आन् तुमी रंगाला भाळला. आसल्या मिरच्यांची चटणी आषाढात बुरसंल. कुणी दिल्या ह्या? चला, चपला घाला!”

बाजारात तिनं त्या दुकानदाराची जी खरडपट्टी काढली ती ऐकून शेजारचे दोन दुकानदार आपापली पोती आवरायला लागले. “पावणं, तुमच्या घरात खावा की ही मिरची,” असं ती म्हणत होती आणि मी मागं पिशवी धरून उभा होतो. संक्रांतीनंतर तिचा आवाज एवढा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. कुणी मला त्या वेळी विचारलं असतं तर मी त्या ओल्या मिरच्यांची आरती केली असती.

नव्या मिरच्या गच्चीवर वाळल्या, देठं खुडून झाली. चटणीच्या आदल्या दिवशी तिनं सुक्या खोबऱ्याच्या वाट्या माझ्यापुढं ठेवल्या. म्हणाली, “खवट एक जरी गेली तरी सगळी चटणी गेली. हुंगा.”

मी वाट्यांवरून नाक फिरवलं आणि म्हटलं, “सगळ्या चांगल्या हाईत.”

“लग्नात लांबनं पोरी बघितल्यासारखं करू नका. एकेक हातात घेऊन हुंगा.”

मी चिडलो, पण एकेक घेतली. खोबऱ्याला गोडसर, दुधाळ वास असतो, तोच परत परत येत गेला. मग एका वाटीशी मी थांबलो. वरून इतरांसारखीच पांढरी, पण वास वेगळा, मशीनच्या तळाशी साठलेल्या जुन्या तेलाचा. मला खात्री वाटेना. परत हुंगली. “ही एक, वाटतंय,” मी म्हणालो.

तिनं ती वाटी घेतली, फिरवून बघितली नाही, नाकाशी नेली नाही, सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. जिनं साऱ्या संसारात माझा कुठलाही शब्द दोनदा तपासल्याशिवाय घेतला नाही, तिनं माझ्या ‘वाटतंय’वर अख्खी वाटी टाकून दिली. भट्टीतला रस हजारो वेळा ओतला असेल मी, पण अशी जबाबदारी अंगावर आल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्टूल ओट्याला टेकवून ठेवलं, मला त्यावर बसवलं आणि कढई चढवली. ताटात एकेक जिन्नस मांडलेला. धणे, जिरं, तीळ, खसखस, खोबरं, लवंग, दालचिनी आणि एका वाटीत काळपट, चुरगळलेलं काहीतरी, कुणी झाडावरून खरवडून आणल्यासारखं.

“ह्यो कचरा कशाला?”

“कचरा न्हवं, दगडफूल. कच्चं हुंगून कायबी कळायचं न्हाय तुमाला. तेलात गेल्यावर मग ते वास सोडतंय.” मी हुंगलं. खरंच काही कळलं नाही.

धणे कढईत पडले. ती सावकाश परतत राहिली.

“वास कसा येतोय?”

“चांगला.”

“चांगला म्हंजे? चांगला आसा कुठला वास आसतोय व्हय? सांगा की नीट.”

मी नाक कढईवर नेलं. काय सांगणार? वास कळतो, पण त्याला शब्द कुठून आणायचा? “वाळल्या वैरणीचा येतोय,” मी म्हणालो.

“मग आजून कच्चं हाईत.” ती परतत राहिली. “आता?”

आणि तेवढ्यात ते झालं. वैरण मागं सरली आणि कढईतून लिंबाच्या सालीसारखं काहीतरी वर आलं, ताजं, जवळजवळ ओलं. मी थक्क झालो. एवढं आयुष्य धणे खाऊन काढलं, त्यांच्यात लिंबू आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. “लिंबू!” मी ओरडलो. “लिंबाची साल आली!”

“उतरवती,” ती म्हणाली आणि कढई खाली आली.

तशी सकाळ गेली. जिऱ्यात मला पहिल्या पावसातली ओली नव्हे, चांगली तापलेली माती लागली. लवंगेत दाताच्या दवाखान्याचा जिना. खोबरं लाल होताना आमच्या फौंड्रीचा भाजलेला गाभा आला, जसाच्या तसा, आणि मला एकदम तिथली माणसं दिसली. प्रत्येक जिन्नस कढईत पडताना एक असायचा आणि निघताना दुसराच व्हायचा, आणि मधे एक क्षण असा यायचा की त्याच्या अलीकडं कच्चं, पलीकडं करपलेलं. ही बाई तो क्षण दर उन्हाळ्यात एकेका जिनसाला पकडत होती आणि मी बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर धरून शिंकत होतो.

तिळांच्या वेळी माझं नाक बसलं. इतके वास एकावर एक गेल्यावर काही कळेनासं झालं. मी अंदाजानं म्हटलं, “झालं.”

“न्हाय.” ती कढईकडं कान करून उभी होती. “आजून तडतडाय लागलेत कुठं? एकेक उडतोय. सगळी मिळून बोलली पायजेत.” थोड्या वेळानं कढईतून बारीक, दाट तडतड आली आणि तिनं गॅस बंद केला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “नाक थकलं व्हय? गॅलरीत जावा. वाऱ्यावर उभं ऱ्हावा जरा.”

मी गॅलरीत उभा राहिलो. हळूहळू नाक मोकळं झालं आणि रस्ता वर आला. कुणाच्या तरी घरी चपाती शेकत होती. खाली म्हशी धुतल्या होत्या, त्या ओल्या शेणाचा उबदार वास. पेट्रोल. कोपऱ्यावर उसाच्या रसाचं यंत्र. कुणाच्या दोरीवरच्या कपड्यांचा साबण. हे सगळं रोज इथंच होतं आणि मला फुकट मिळत होतं. आत ओट्यापुढं माझी बायको उभी होती आणि तिला यातलं एकही मिळत नव्हतं. मला रडू आलं. माझ्यासारखा माणूस गॅलरीत रडतोय हे पेठेत कुणी बघू नये म्हणून मी दोरीवरचा टॉवेल तोंडावर घेतला.

शेवटी मिरच्या तेलातून निघाल्या तेव्हा वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यापर्यंत अख्खी इमारत खोकली. वरून कुणीतरी ओरडून विचारलं, “चटणी काय?” मी खोकतच ओरडलो, “व्हय!” त्यात माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

दुपारी सगळं घेऊन डंकावर गेलो. डंक म्हणजे चटणी कांडायची गिरणी. लोखंडी मुसळं वरखाली आपटत असतात आणि भोवती बायका आपापली पातेली राखत बसलेल्या असतात. आपली चटणी कांडून होईपर्यंत उठायचं नाही असा रिवाज. डंक चालवणारी बाई चटणी होत आली की पहिली चिमूट मालकिणीच्या तळहातावर ठेवते, तिनं वास घेऊन सांगायचं, काय कमी आहे, काय जास्त. इतक्या बायकांत मी एकटा बाप्या, कोपऱ्यात डबा मांडीवर घेऊन बसलेला.

आमच्या चटणीचा रंग आला. डंकवाल्या बाईनं चिमूट हिच्या हातावर ठेवली. “बघा आक्का.”

हिनं हात नाकाकडं नेला नाही. ती उठली, बायकांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आली आणि तळहात माझ्या नाकाशी धरला.

गिरणीत हशा पिकला. “आता बाप्यांस्नी इचारून चटणी करायची व्हय?” कुणीतरी म्हणालं. दुसरी म्हणाली, “ह्यास्नी काय कळतंय?” हिनं मान वळवली नाही. “सांगा,” ती मला म्हणाली.

मी डोळे मिटले. मिरची पुढं होती, खोबरं तिच्या मागं, धणे होते, गरम मसाला होता. पण घरच्या बरणीचं झाकण काढल्यावर जे पहिल्यांदा अंगावर येतं ते येत नव्हतं. मी बराच वेळ घेतला. “लसूण,” मी म्हणालो. “लसूण म्हागं पडलाय.”

तिनं पिशवीतून राखून ठेवलेला सोललेला लसूण काढला आणि सगळाच्या सगळा उखळात टाकला. मुसळं पुन्हा चालू झाली. हसणाऱ्या बायका हसायच्या थांबल्या होत्या, एकीनं तर हळूच स्वतःची चिमूट पुढं केली आणि म्हणाली, “मामा, आमची बी बघा की जरा.” ती मी बघितली. हिंग जास्त होता, पण परक्याच्या घरात मी नाक खुपसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दुसरं काही केलं नाही. ज्वारीच्या भाकरी, नवी चटणी, वर कच्चं तेल, फोडलेला कांदा. आमचा देवही भाकरीकांदा खाणाराच, त्याच्यापुढं तेच ठेवलं. मग आम्ही स्वयंपाकघरातच खाली बसलो, ओट्याला पाठ लावून, गुडघ्याला गुडघा लागेल असे. तिनं ताटात सवयीप्रमाणं अर्धीच भाकरी घेतली. चटणीत बोट बुडवलं, घास केला, तोंडात घातला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचं. वास अजून आलेला नव्हता. अजूनही आलेला नाही.

“सांगा,” ती म्हणाली.

मी घास घेतला. या वेळी मी ‘चांगली’ म्हणालो नाही.

“आदी लसूण येतोय,” मी म्हणालो. “जोरात. दार ढकलून आत आल्यासारखा.”

“हूं.” तिनं डोळे मिटले.

“मग कांदा. तळल्याला, गोडूस. त्याच्या म्हागनं खोबरं.”

“खवट न्हाय न्हवं?”

“अजिबात न्हाय. लाल भाजलंय. आता धणे आले, लिंबाची साल.”

ती चावत होती, सावकाश, माझ्या शब्दाशब्दाला. एक घास संपला की दुसरा घेत होती आणि डोळे काही उघडत नव्हती. “तीळ?” तिनं विचारलं.

“हाईत. तळाला बसलेत.” मी पुन्हा घास घेतला आणि थांबलो. सगळ्यांच्या मागं, अगदी शेवटी, घास गिळल्यावर नाकात काहीतरी राहत होतं. “आणि एक हाय. त्याचं नाव मला येत न्हाय.”

“कसा हाय?”

“जुन्या भिंतीला शेवाळ आसतंय तसा. न्हाय, थांब. तुज्या म्हायारी राधानगरीला जाताना, धरणाच्या अलीकडं ती झाडी लागती बघ. तिथं पावसाळ्यात एसटीची खिडकी उघडली की आत येतो तसा. वल्ली साल, वल्ला दगड.”

ती चावायची थांबली. तिचा चेहरा असा झाला की मला क्षणभर वाटलं, आला, वास आला. पण तसं नव्हतं. ती फक्त त्या रस्त्यावर गेली होती.

“दगडफूल,” ती म्हणाली. “दगडफूल हाय त्ये. उतरलंय व्हय चटणीत?”

“उतरलंय.”

“मग झाली चटणी.” तिनं डोळे उघडले आणि ताटाकडं बघितलं. भाकरी संपली होती. चटणीचा लाल ओघळ तेवढा राहिला होता. ती त्या रिकाम्या ताटाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं, मग टोपलीकडं. टोपलीतली शेवटची भाकरी माझ्या ताटात होती. मी ती उचलून तिच्यापुढं केली.

“ती तुमी खावा. गार झाली.” ती गुडघ्यावर हात टेकून उठली. मी पाय आवळून घेतले तेव्हा तिला ओट्यापर्यंत जाता आलं. तिनं परातीत पीठ घेतलं, काडी ओढली, तवा ठेवला. पाठमोरी तशीच म्हणाली, “तुमी थांबू नका. सांगत ऱ्हावा की.”